विंगेतली कुजबुज

आज तिच्या केबिनच्या दारावर डॉक्टरची पाटी आहे. तरी नाटकातली जुनी मंडळी भेटली की "अगं ए कुजबुज!" अशीच हाक येते, तीही भर रस्त्यात. आसपास तिचे पेशंट असतील, जरा बघून बोलावं, हे त्यांच्या गावीही नसतं. आणि गंमत अशी, की खऱ्या नावाला वळणार नाही इतक्या चटकन ती त्या हाकेला वळते.

हे नाव पडलं कॉलेजच्या पहिल्याच वर्षी. ती गेली होती नाटकात काम करायला, आरशासमोर भरपूर हातवारे करून. नाटक बसवणारे सर एरवी इतिहास शिकवायचे. त्यांनी तिला एक उतारा वाचायला दिला, शेवटपर्यंत ऐकला आणि चष्मा काढून पुसत म्हणाले, "पोरी, हा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोचायचा नाही." ती रडकुंडीला येऊन निघाली, तशी त्यांनी परत बोलावलं. "पण स्टेजच्या मध्यापर्यंत नक्की पोचेल. प्रॉम्प्टिंग करशील?"

प्रॉम्प्टिंग म्हणजे काय हे तिला तिथं बसल्यावर कळलं. रंगमंचाच्या कडेला काळ्या पडद्यामागे, म्हणजे विंगेत, खुर्ची टाकून बसायचं. मांडीवर नाटकाची प्रत, वर एक मिणमिणता दिवा. बोलणारा अडखळला की पुढचे दोन शब्द त्याच्या कानात पडतील आणि प्रेक्षकांच्या पडणार नाहीत, असे सोडायचे. ना टाळ्या, ना मेकअप, ना फोटोत जागा. नाटक पडलं तर मात्र "प्रॉम्प्टर झोपली होती का?" असं सगळे विचारणार. असलं काम कुणी हौसेनं घेत नाही. ही घ्यायला गेली आणि त्यातच रमली. तिच्या लक्षात आलं की आपल्याला बोलायला आवडतच नव्हतं. आवडत होतं ते दुसऱ्याचं बोलणं तोलून धरायला.

तिची आई औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. डॉक्टरांचं किरटं अक्षर लावण्यात तिचा दिवस जायचा. वडील बस चालवायचे, घर मात्र आई चालवायची. मुलीनं मेडिकलला जायचं हे मुलगी सातवीत असतानाच ठरलं होतं, आणि मुलीचीही त्याला ना नव्हती. तिला जीवशास्त्र मनापासून आवडायचं. म्हणून नाटकाचं कळलं तेव्हा आईनं आकांडतांडव केलं नाही. एवढंच म्हणाली, "कर नाटक. पण दोन्हीची सरमिसळ नको. तिथं असशील तेव्हा तिथली, इथं असशील तेव्हा इथली. मार्क घसरले की तुझी ती खुर्ची दुसऱ्याला."

तिनं हे बोलणं अक्षरशः पाळलं. विंगेत कधी अभ्यासाचं पुस्तक नेलं नाही आणि प्रयोगशाळेत कधी संवाद पुटपुटले नाहीत. तालमीला जाताना बसमध्ये रसायनशास्त्र, आणि बस थांब्याला लागली की पुस्तक बंद. मेडिकलच्या प्रवेशासाठी जीव काढणाऱ्या मैत्रिणी विचारायच्या, "तुला हे जमतं तरी कसं?" ती म्हणायची, "डोक्यात दोन खोल्या केल्यात. एकीत दिवा लावला की दुसरीतला घालवायचा." याचा तिला अभिमान होता. अभिमान वाटावा असंच होतं ते, खोटं कशाला बोला?

या दोन खोल्यांमध्ये ये-जा करणारा माणूस एकच होता. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतले मदतनीस, लॅबकाका. सकाळी ते विच्छेदनाचे ट्रे मांडायचे, बरण्या पुसायचे, मायक्रोस्कोपवर टोप्या चढवायचे. संध्याकाळी कॉलेजच्या नाटकात म्हाताऱ्याची कामं करायचे. विद्यार्थ्यांच्या नाटकात मदतनीस कसा, असं एकदा कुणी प्राचार्यांना विचारलं होतं. प्राचार्यांनी नाटक बघितलं आणि तो प्रश्न पुन्हा निघाला नाही. काका नुसते येऊन खुर्चीवर बसले तरी सभागृहातलं खोकणं थांबायचं. पाठांतराच्या नावानं मात्र आनंदीआनंद होता. रात्रभर घोकलेलं सकाळी साफ पुसलेलं असायचं. "माझं डोकं म्हणजे या बरण्यांसारखं आहे," ते म्हणायचे, "बाहेरून चकचकीत पुसलेलं. आत काय आहे ते लेबल बघून सांगायचं."

तिच्या आधी बरेच प्रॉम्प्टर झाले होते. कुणी इतक्या मोठ्यानं सांगायचं की प्रेक्षक आधी हसायचे आणि काका मागून बोलायचे. कुणी काकांच्या थांबण्यालाच विसरणं समजायचं. आणि काकांचं थांबणं हीच तर त्यांची खासियत होती. वाक्याच्या मध्येच ते असे थांबायचे की समोरच्याचा श्वास अडकावा. तिथं विंगेतून कुणी शब्द फेकला की सगळ्यावर बोळा फिरायचा.

तिनं आणि काकांनी मिळून यावर तोडगा काढला. काका विसरले, की उजव्या हाताच्या बोटांनी कपड्याची कड चोळणार. हात हलला की हिनं शब्द द्यायचा. हात स्वस्थ लोंबत असला तर तो मुद्दाम घेतलेला थांबा, मग कितीही वेळ जावो, हिनं तोंड उघडायचं नाही. "छत कोसळलं तरी नाही," काकांनी बजावलं होतं. "माझा हात बघ. तोंड खोटं बोलेल, हात नाही." ती प्रतीकडे कमी आणि त्या हाताकडे जास्त बघायला शिकली. दोन वर्षांत एकही शब्द वाया गेला नाही की एकही थांबा मोडला नाही. काकांचं नाव झालं. बाहेरचे लोक तिकीट काढून त्यांना बघायला यायला लागले. त्यांच्या दर वाक्याच्या कडेला हिची कुजबुज होती, हे फक्त त्या दोघांना माहीत होतं, आणि काकूंना. काकू, म्हणजे काकांची बायको, प्रत्येक प्रयोगाला पहिल्या रांगेच्या टोकाला बसायच्या. तिथून विंग थोडी दिसायची.

बारावीच्या वर्षी प्रवेश परीक्षा अंगावर आली. नव्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या आणि सराव परीक्षेत तिचे मार्क घसरले. थोडेथोडके नाही, चांगलेच. आईनं गुणपत्रिका बघितली, घडी घालून परत दिली, तिला जेवायला वाढलं. जेवून झाल्यावर म्हणाली, "हे नाटक कर. शब्द दिलास तर मोडू नकोस. पण हे शेवटचं." तिनं मान हलवली. वाद घालायला जागाच नव्हती. करार तिचाच होता.

अवघड होतं ते काकांना सांगणं. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल संपलं, मुलं गेली, तरी ती रेंगाळली. काका बरण्यांवरून फडकं फिरवत होते.

"काका, हा प्रयोग झाला की मी नाही."

फडकं थांबलं नाही. "मग मीही नाही."

"असं काय करता? दुसरं कुणीतरी येईलच की."

"येईल की. घसा फोडून ओरडणारं येईल." बरणी जागेवर गेली, दुसरी हातात आली. मग ते तिच्याकडे वळून हसले. "तोंड पाडू नकोस. डॉक्टर हो. म्हातारपणी मला फुकट तपासशील. पुढं काय करायचंय मला स्टेजवर? पण हा एक मात्र नीट करू. काय?"

तिनं पुढची बरणी उचलून त्यांच्या हातात दिली. म्हणजे एका प्रयोगावर आता दोघांची भिस्त होती. हिचा तो विंगेतला शेवटचा, त्यांचा रंगमंचावरचा शेवटचा.

नाटक होतं बंद पडलेल्या कारखान्याच्या राखणदाराचं. मालकाचा मुलगा जागा विकायला येतो आणि म्हातारा राखणदार दार सोडत नाही, एवढीच गोष्ट. दुसऱ्या अंकाच्या अखेरीस म्हातारा म्हणतो, "साहेब, ही भिंत उभी राहताना मी बघितली. पडताना बघणार नाही." त्या दोन वाक्यांच्या मध्ये काका थांबणार होते. तालमीत ते थांबले की दिवे सांभाळणारासुद्धा दिवे विसरायचा.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी दिव्यांची तालीम होती. नुसतं कोण कुठं उभं राहणार ते बघायचं होतं, त्यामुळे सगळे सैल होते. काका खिसे चाचपत म्हणाले, "माझा चमचा कुणी घेतला?" चष्मा त्यांच्या कपाळावर होता. सगळे खो खो हसले. काकाही हसले. नंतर त्यांच्या हातून चहाचा कप निसटून फुटला, तेव्हा सर म्हणाले, "शुभशकुन! आज फोडणार तुम्ही." पुन्हा हशा. तिनं काचा गोळा केल्या. तीही हसली होती.

त्याच आठवड्यात वर्गात मेंदूचा रक्तपुरवठा शिकवून झाला होता. गुठळी अडकली की काय होतं, कोणता भाग गेला की बोलणं जातं आणि मग कोणत्या बाजूचा हात जातो, याची आकृती तिनं रंगीत पेन्सिलींनी काढली होती. पण ती आकृती दुसऱ्या खोलीत होती, आणि त्या खोलीतला दिवा तिनं सभागृहाच्या पायऱ्या चढतानाच घालवला होता.

पहिला अंक झकास झाला. काका एकदोनदा अडखळले, हिनं शब्द दिला, त्यांनी उचलला. दुसरा अंक सुरू झाला. मालकाचा मुलगा झालेला विद्यार्थी आपलं लांबलचक बोलला आणि काकांकडे वळला. काका म्हणाले, "साहेब…" आणि थांबले.

तिनं हाताकडे बघितलं. उजवा हात स्वस्थ लोंबत होता. म्हणजे थांबा. आज काकांनी तो पहिल्याच शब्दावर घेतला होता. घेऊ देत, त्यांचा शेवटचा प्रयोग आहे, तिनं मनात म्हटलं. सभागृहात टाचणी पडली तर ऐकू आली असती. थांबा लांबला, आणखी लांबला. असा थांबा काकांनी आजवर घेतला नव्हता, आणि तिला, खरं सांगायचं तर, भरून येत होतं. काय माणूस आहे, असं वाटत होतं. हात हलत नव्हता, म्हणून ती गप्प होती.

मग काका म्हणाले, "साहेब, ही वाटी…"

तिनं लगेच शब्द दिला, "भिंत." काका पुन्हा म्हणाले, "वाटी. ही वाटी वाटी." पुढच्या रांगेत कुणी हसलं. समोरच्या विद्यार्थ्यानं दोन वर्षांच्या सवयीनं सांभाळून घेतलं. "भिंतीबद्दल म्हणताय ना, बाबा?" असं काहीसं घुसडून त्यानं पुढचं वाक्य ओढलं. दुसऱ्यानंही भर घातली. काका विसरले की सगळ्यांनी मिळून झाकायचं, याची त्या मंडळींना इतकी सवय होती की कुणाच्या कपाळावर आठीही पडली नाही. तिनं पूर्ण वाक्य दिलं. काकांनी तिच्याकडे बघितलं. प्रयोग चालू असताना त्यांनी विंगेकडे कधीही बघितलं नव्हतं. त्यांच्या तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता.

तेव्हा कुठं ती दुसरी खोली उजळली. मांडीवरची प्रत खाली पडली आणि जिचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत पोचत नव्हता, तिचं ओरडणं अख्ख्या सभागृहानं ऐकलं. "पडदा पाडा! अहो, पडदा पाडा!"

रुग्णालय जवळच होतं. सरांच्या गाडीत काकू पुढे, मागच्या सीटवर काका आणि त्यांचं डोकं धरून ती. मेकअप तसाच होता, पांढऱ्या मिशीची एक बाजू सुटली होती. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टर बाई वयानं तिच्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी भराभर तपासलं, डोक्याचा स्कॅन करून घेतला आणि तिघांना कोपऱ्यात बोलावलं.

"मेंदूत गुठळी अडकलीये. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे आपल्याकडे. पण त्रास सुरू झाल्यापासून ठराविक तासांच्या आतच देता येतं. उशिरा दिलं तर त्याच इंजेक्शननं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून नीट आठवून सांगा. हे शेवटचे पूर्ण बरे कधी होते?"

"दुसऱ्या अंकापर्यंत," सर लगेच म्हणाले. "पहिला अंक तर सुंदर केला त्यांनी."

डॉक्टर काकूंकडे वळल्या. काकू म्हणाल्या, "घरून चांगले निघाले."

"मग आपण वेळेत आहोत," डॉक्टर म्हणाल्या आणि नर्सला खूण करायला वळल्या.

चमचा. फुटलेला कप. दुपारी, सगळ्यांच्या देखत, सगळे हसत असताना सुरू झालं होतं ते. आता तोंड उघडलं तर इंजेक्शन मिळणार नाही. नाही उघडलं तर मिळेल, आणि त्यानं काका उठून बसतील, किंवा जातील. दोन्हीपैकी काय होईल हे तिला कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की डॉक्टरांनी जे विचारलंय त्याचं खरं उत्तर तिच्याकडे आहे.

"दुपारी," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच निघाला, कुजबुजल्यासारखा. डॉक्टरांना पुन्हा विचारावं लागलं. मग तिनं सगळं सांगितलं. चष्म्याला चमचा म्हणाले, उजव्या हातातून कप पडला, आम्ही हसलो.

डॉक्टरांनी वरिष्ठांना फोन लावला. बराच वेळ हळू आवाजात बोलल्या. परत आल्या त्या मान हलवतच. इंजेक्शन द्यायचं नाही असं ठरलं. याच्या पुढच्या उपचारांची सोय त्या रुग्णालयात नव्हती, आणि जिथं होती तिथं पोचेपर्यंत उपयोग राहिला नसता.

व्हरांड्यात बाकावर काकू बसल्या होत्या. ती शेजारी बसली. काकूंनी तिच्याकडे न बघता विचारलं, "तू गप्प बसली असतीस तर?"

रागानं विचारलं असतं तर परवडलं असतं. त्यांनी साधं विचारलं होतं, वेळ विचारावी तसं.

काका वाचले. उजवा हात गेला, पाय ओढत चालण्याइतका परत आला, आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, ओठांपर्यंत शब्द यायचा नाही, आला तर भलताच यायचा. तिनं प्रवेश परीक्षा दिली. लोक म्हणतात दुःखात अभ्यास होत नाही. तिचा झाला, कारण पुस्तकातून डोकं वर काढलं की काकूंचा प्रश्न समोर उभा राहायचा. आई रोज समजावायची, "तू खरं बोललीस, तुझं काही चुकलं नाही." आईच्या दुकानात दिवसभर औषधांचीच उठाठेव, तिला इंजेक्शनचा धोका नीट कळत होता. मुलीलाही कळत होता. पण कळणं वेगळं आणि त्या बाकावर बसणं वेगळं. शिवाय तिला आणखी एक गोष्ट छळत होती, ती तिनं आईलाही सांगितली नाही. तो थांबा. हात लुळा पडला होता आणि ती मनातल्या मनात वाहवा करत बसली होती. दोन खोल्या करण्याची हुशारी तिला आता सहन होत नव्हती. एकच खोली असती तर दुपारी कप फुटला तेव्हाच तिला कळलं असतं.

मेडिकलला प्रवेश मिळाल्याचं कळलं तेव्हा आईनं शेजारपाजारी सांगितलं. तिला मात्र आधी एका घरी जायचं होतं, आणि तिथंच जायची तिची छाती होत नव्हती. निकालानंतर एका सकाळी ती गेली.

काकूंनी दार उघडलं. काका पुढच्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीत होते, दाढी केलेले, स्वच्छ शर्ट घातलेले. तिला बघून त्यांचा डावा हात वर आला. काकू स्टूल पुढं सरकवत म्हणाल्या, "बोलायला शिकवणाऱ्या बाई येतात आठवड्यातून. त्या सांगून गेल्यात, ह्यांना शब्द पुरवायचे नाहीत. कितीही वेळ लागला तरी थांबायचं. तुला जमेल का?" यात टोमणा किती आणि सूचना किती, हे तिला ठरवता आलं नाही.

तिनं प्रवेशाचं सांगितलं. काकांचा अर्धा चेहरा हसला. मग, परत फिरायला वाट राहू नये म्हणून, तिनं एका दमात सगळं बोलून टाकलं. "काका, त्या दिवशी मीच सांगितलं डॉक्टरांना, की दुपारपासून आहे म्हणून. नाहीतर तुम्हाला इंजेक्शन मिळालं असतं. कदाचित तुम्ही आज बोलत असता. आणि स्टेजवर तुम्ही थांबलात तेव्हा मला वाटलं, मुद्दाम थांबलात. मी बघत बसले."

काकांनी ऐकलं. ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. "मा…" एवढंच आलं. मानेच्या शिरा ताणल्या. "मा… मा…"

तिच्या जिभेवर शब्द तयार होता. माफ केलं. दोनच शब्द, तिच्याच नेहमीच्या आवाजात. तिनं ते सोडले असते तर काकांनी उचलले असते. दोन वर्षं त्यांनी तिचा एकही शब्द खाली पडू दिला नव्हता. तिला ते शब्द हवे होते, फार हवे होते. पण ते तिचे असते, काकांचे नसते. तिनं दातांखाली ओठ धरला आणि ती थांबली. काकू चहा टाकायला ओट्याशी निघाल्या होत्या, त्याही थांबल्या.

"मा… हीत," काका म्हणाले. दम घेतला. "माहीत. होतं. मला."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि ती ताडकन उठली. "तुम्हाला माहीत होतं? दुपारीच? मग सांगितलं का नाही? काका, मी तिथंच होते! काचा गोळा करत होते! एक शब्द बोलायचा होता!" तिला संताप आला होता, आणि त्याच वेळी डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. आपण आजारी माणसावर ओरडतोय, याचं भान तिला नव्हतं.

काका तिच्याकडे बघत राहिले. हा शब्द शोधायला त्यांना वेळ लागला नाही, जणू तो एकच जागेवर होता.

"प्रयोग," ते म्हणाले.

ती मटकन स्टुलावर बसली. हिचा शेवटचा म्हणून त्यांचा शेवटचा, आणि शेवटचा म्हणून ते गप्प राहिले. त्यांच्या जागी ती असती तर तीही गप्प राहिली असती, आणि डॉक्टर होऊ घातलेल्या मुलीनं असं वाटून घेणं बरं नव्हे, तरी तिला तसं वाटलं.

मागून काकूंचा आवाज आला.

"दुपारी कशाला? सकाळीच." काकू भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. "सकाळी दाढीचा ब्रश हातात धरवेना त्यांना. दाढी मी करून दिली. म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. तर डोळ्यांनीच गयावया करायला लागले, आजचा दिवस, आजचा दिवस. मी जाऊ दिलं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "डॉक्टर बाईंनी विचारलं ना, शेवटचे बरे कधी होते म्हणून? मी म्हटलं, घरून चांगले निघाले. मला ते इंजेक्शन हवं होतं गं. ते धोक्याचंय, हे ऐकूनसुद्धा हवं होतं. तू बोललीस आणि मला तुझा इतका राग आला. तू नसती बोललीस तर मी बोलले असते का, ते मला आजपर्यंत ठरवता आलं नाही."

काकांनी डावा हात काकूंच्या दिशेनं पुढं केला. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, ओठ पुन्हा जुळवाजुळव करायला लागले होते. काकू येऊन त्यांच्या खुर्चीशी जमिनीवर बसल्या. या वेळी काय येणार आहे, याचा तिला काही अंदाज नव्हता. तिनं डोळे पुसले, स्टूल थोडं जवळ ओढलं, आणि दोघीही थांबल्या.